भोपळ्याचं भेटकार्ड, कागजीपुऱ्याचा कागद

ठसा नीट उठला नाही की बहुतेक जण ठशाला नावं ठेवतात, नाहीतर शाईला. रबर झिजलं, गादी सुकली, हात हलला अशी कारणं पुढे येतात आणि कधीकधी ती खरीही असतात. पण हाताने हॅलोवीनची भेटकार्डं करू पाहणाऱ्या कुणालाही मी आधी कागद तपासायला सांगेन. एकच ठसा, एकच शाई घ्यावी आणि तीन कागदांवर छाप उमटवून बघावी: वर्तमानपत्राचा कोरा तुकडा, वहीचं पान आणि खळ देऊन घोटलेला हातकागद. वर्तमानपत्रावर शाई चारी बाजूंना पसरते, रेषेला केस फुटतात. वहीच्या पानावर छाप बरी येते. घोटलेल्या कागदावर मात्र वटवाघळाच्या पंखाचं टोकही टोकदारच राहतं.

कारण सोपं आहे. कागद म्हणजे एकमेकांत अडकलेल्या तंतूंचा थर. तंतूंच्या मधे बारीक पोकळ्या असतात आणि ओली शाई त्या पोकळ्यांमधून, तंतूंच्या अंगाने, जमेल तिथवर ओढली जाते. खळ या पोकळ्या बुजवते, त्यामुळे शाई जिथे टेकली तिथेच थांबते. घोटण्याचं काम वेगळं. त्याने कागदाचे उंचवटे बसतात आणि ठशाचा प्रत्येक भाग कागदाला सारखा टेकतो. खळ नसेल तर छाप फुटते, घोटाई नसेल तर छाप तुटक येते. हे दोन दोष वेगवेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे, एवढं ध्यानात घेतलं तरी कार्डं करणाऱ्याचे अर्धे कागद वाया जायचे वाचतात.

ही गोष्ट पुस्तकातून शिकायची आमच्या भागाला गरज नव्हती. आमचं देवगाव रंगारी कन्नड तालुक्यात. तिथून वेरूळला येऊन, खुलताबादचा डोंगर मागे टाकून दौलताबादकडे उतरायला लागलं की वाटेत कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं. दरबार आला, कारकून आले आणि त्यांच्यासाठी कागद करणारेही आले, ते इथे वसले, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. राजधानी काही वर्षांतच दिल्लीला परत गेली. कागदी इथेच राहिले आणि गावाला त्यांच्या धंद्याचं नाव मिळालं.

जुन्या पद्धतीचा हातकागद झाडापासून होत नसे. जुनं गोणपाट, दोरखंडं, चिंध्या हा त्याचा कच्चा माल. तो बारीक तोडायचा, चुन्याच्या पाण्यात मुरवायचा, पायाने चालवायच्या ढेंकीखाली कुटायचा, धुवायचा, पुन्हा कुटायचा. कुटण्याने तंतू नुसते आखूड होत नाहीत, त्यांची टोकं उसवतात आणि ती उसवलेली टोकंच पुढे एकमेकांना धरून ठेवतात. हा लगदा हौदातल्या पाण्यात ढवळायचा. कारागीर हौदाच्या काठाशी बसून गवताच्या बारीक काड्यांची विणलेली छपरी लाकडी चौकटीवर ठेवून पाण्यात बुडवतो, वर उचलतो आणि उचलतानाच हलकेच हलवतो. त्या हलवण्यात तंतू सगळ्या दिशांनी पसरतात. पाणी गळून जातं, छपरीवर ओला पापुद्रा उरतो. पापुद्र्यांची थप्पी दाबून पाणी काढायचं आणि एकेक ताव गिलाव्याच्या गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवायचा.

इथवर तयार झालेला कागद टिपकागदापेक्षा फारसा वेगळा नसतो. त्यावर बोरू टेकवला तर शाई फुटणारच. म्हणून वाळलेल्या तावाला पिठाची पातळ खळ लावायची, परत वाळवायचं आणि मग फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने घोटायचं. दगड एका दिशेने, नंतर आडव्या दिशेने, एकही पट्टा न सोडता फिरवावा लागतो. घोटाई संपते तेव्हा कागद उजेडात तिरपा धरला तर झळाळतो आणि बोटाने टिचकी मारली तर वाजतो. अशा कागदाला जुने लोक घोटीव म्हणत.

मराठेशाहीच्या दफ्तरांत दौलताबादी आणि जुन्नरी कागद वापरात होते. त्यांवर बोरूने मोडी लिहिली जाई, शाई काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे मुख्यतः कार्बन. तो उजेडाने उडत नाही, म्हणून अडीचशे वर्षांपूर्वीचं पत्र आजही काळंभोर दिसतं. आणि याच पत्रांवर ठसे आहेत! वर मुद्रा आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. मोर्तब मजकुराच्या अखेरीला अगदी खेटून उठवायचं, म्हणजे मागाहून कुणाला एक ओळही घुसडता येणार नाही. कागदाच्या पट्ट्या जोडून लांब दस्त केला असेल तर जोडावर शिक्का मारायचा, म्हणजे मधली पट्टी बदलली तर अर्धा शिक्का निखळून लबाडी उघडी पडेल. ठशातली बारीक अक्षरं वाचता येणं हा त्या काळी हौसेचा भाग नव्हता, कारभार त्यावर चालत होता. खळ दिलेला घोटीव कागद आणि काळ्या शाईचा ठसा ही जोडी आपल्याकडे इतकी जुनी आहे. आज त्या जोडीवर कुणी भोपळा आणि वटवाघूळ उमटवलं तर मला त्यात काहीच परकं वाटत नाही.

हातकागदाला विसाव्या शतकात दुसरा जीव मिळाला तो ग्रामोद्योगाच्या चळवळीतून. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम चाले आणि कागद हा त्यातला महत्त्वाचा उद्योग होता. पुण्यात के. बी. जोशी यांनी १९४० साली हातकागद संस्था उभी केली. संस्थेच्या शिवाजीनगरमधल्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. आता ढेंकीच्या जागी यंत्राचा बीटर आला, गवताच्या छपरीच्या जागी तारेची जाळी आली आणि कच्चा माल म्हणून बनियनच्या कारखान्यातल्या सुती कातरणी येतात. सुती तंतूत लाकडातलं लिग्निन नसतं. वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं ते याच लिग्निनमुळे, आणि म्हणून सुती हातकागदाचं कार्ड पंचवीस वर्षांनी पेटीतून काढलं तरी पिवळं पडलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र विकत घेताना पाहून घ्यावी. बाजारातला पुष्कळसा हातकागद पाकळ्या घातलेला, खडबडीत आणि जेमतेम खळ दिलेला असतो. तो दिसतो देखणा, पण ठशाला नको. तपासायची युक्ती अशी: तावाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. टेकताच शोषला गेला तर खळ नाही. बराच वेळ थेंब उभा राहिला तर बिनधास्त घ्यावा. घरात बिनखळीचा कागद आधीच येऊन पडला असेल तर मैद्याची किंवा साबुदाण्याची अगदी पातळ खळ रुंद कुंचल्याने एकदा फिरवावी, सावलीत वाळवावी आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटावं. खळ दाट झाली तर घडीवर कागद तडकतो. ती लावलेले ताव कोरड्या जागी ठेवावेत, कारण कसरीला पिठाची चव फार आवडते.

आता हॅलोवीनचं. ३१ ऑक्टोबरचा हा सण आमच्या गावात कुणी करत नाही, पण ज्यांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत अशी घरं आता मराठवाड्यातही आहेत. तिकडच्या मराठी घरांत दिवाळी आणि हॅलोवीन पुष्कळदा शेजारी शेजारी येतात. २०२४ मध्ये तर आपल्या पंचांगातली नरकचतुर्दशी बरोबर ३१ ऑक्टोबरला होती. पहाटे उटणं लावून अंघोळ, संध्याकाळी भुताचा मुखवटा घालून शेजाऱ्यांच्या दारी खाऊ मागायला. नातवाला आजीकडून येणाऱ्या कार्डावर अशा वेळी पणती असावी की भोपळा? दोन्ही असावीत. दोन्हींत उजेड आहे आणि तोही अंधाऱ्या रात्रीसाठीच लावलेला.

हॅलोवीनचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या सुगीच्या अखेरीच्या सणात, साउइनमध्ये, शोधतात. पुढे ख्रिस्ती दिनदर्शिकेत १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला. गोव्यात आणि वसईच्या ख्रिस्ती गावांत २ नोव्हेंबरला लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या त्याच्या महिनाभर आधी होऊन गेलेली असते. पावसाळा सरून रात्री मोठ्या व्हायला लागल्या की गेलेल्यांची आठवण काढायची, ही माणसाची जुनी रीत दिसते. आयरिश लोक आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात ते मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा मिळाला. भोपळा मूळचा अमेरिकेचाच. आपल्या मळ्यातला लाल भोपळाही तिकडूनच समुद्रमार्गे आलेला आहे.

छापील हॅलोवीन कार्डांचा बहर साधारण १९०५ ते १९१५ या दहा वर्षांतला. एलन क्लॅपसॅडल या अमेरिकी चित्रकर्तीने काढलेली गुबगुबीत मुलं आणि हसरे भोपळे त्या काळी घरोघरी पोहोचले. अशी पुष्कळशी कार्डं जर्मनीत रंगीत शिळाप्रेसवर छापून अमेरिकेत जात. १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि हा पुरवठा आटला. हेच जर्मन तंत्र आपल्याकडेही पोहोचलं होतं. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो चालवला. लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आणि तिकडचे भोपळे एकाच प्रकारच्या दगडांवरून उतरले, हे मला फार विलक्षण वाटतं.

घरी कार्ड करायला दगड नको, रबर पुरतं. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक घालून रबर तापवलं तेव्हा ते उन्हात न वितळणारं आणि थंडीत न तडकणारं झालं. १८४४ साली त्याने पेटंट घेतलं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत रबरी शिक्के बाजारात आले. तहसील कचेरीच्या किंवा कोर्टाच्या आसपास शिक्के करून देणारं दुकान हमखास असतं. तिथे आता बहुतेक पॉलिमरचे शिक्के होतात. चित्राची निगेटिव्ह काच आणि चिकट द्रव पॉलिमर यांच्यामध्ये ठेवून अतिनील प्रकाश सोडतात. प्रकाश लागला तो भाग घट्ट होतो, उरलेला धुऊन जातो. ‘सरपंच’ किंवा ‘मुख्याध्यापक’ असा शिक्का करणारा माणूस तितक्याच सहजपणे घुबडही करून देतो. चित्र फक्त शुद्ध काळ्या-पांढऱ्यात द्यावं. करड्या छटा निगेटिव्हला समजत नाहीत.

तरी पहिला ठसा स्वतः कोरावा असं माझं मत आहे. कार्यानुभवाच्या तासाला भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे आपण सगळ्यांनीच उमटवलेत. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल आयतं मिळतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे मोठं, मऊ, पांढरं खोडरबर. वटवाघूळ शिकायला सर्वांत चांगलं, कारण त्याला आत तपशील लागत नाही, सगळा जीव बाह्यरेषेत असतो. आणि चित्रासाठी नमुना हवा तर दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी जवळच आहे. त्या काळोख्या वाटेवर छताला लोंबकळणारी वटवाघळं आणि त्यांचा उग्र दर्प किल्ला चढलेला माणूस विसरत नाही.

बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने पंख पसरलेलं वटवाघूळ काढावं, कागद पालथा घालून खोडरबरावर ठेवावा आणि नखाने घासावं. पेन्सिल रबरावर उतरते आणि उलटी उतरते, म्हणजे छाप पुन्हा सुलटी येते. अक्षरं कोरायची असतील तर ही पायरी चुकवून चालत नाही. मग कटरचं पातं रेषेला लावायचं ते बाहेरच्या बाजूला झुकवून, असं की कोरलेल्या आकाराची भिंत वर अरुंद आणि बुडाशी रुंद होईल. पातं आत झुकलं तर आकाराच्या पायाखालचं रबर पोखरलं जातं आणि दाब पडताच पंखाचं टोक वाकतं, पुढे तुटतं. वळणावर कटर जागेवर ठेवून डाव्या हाताने रबर फिरवायचं, म्हणजे वळण सलग येतं. भोवतालचं रबर निदान दोन मिलिमीटर खोल काढावं, नाहीतर तेही शाई उचलतं. भोपळा यानंतर. त्याच्या फाका म्हणजे मधे सोडलेल्या बारीक खाचा, आणि डोळे-तोंड कोरून काढलेले, म्हणजे तिथे कागदाचा रंग दिसेल आणि आत दिवा लावल्याचा भास होईल.

शाईच्या बाबतीत दोन जाती ओळखल्या की पुरे. ऑफिसातल्या गादीची जांभळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. तो कागदात शिरतो, पटकन वाळतो, पण उन्हात उडतो आणि ओल लागली की पसरतो. रंगद्रव्याची शाई वेगळी. तिच्यात न विरघळलेले रंगाचे कण असतात, ते कागदाच्या वर बसतात, हळू वाळतात आणि टिकतात. काळ्या कागदावर पांढरं भूत उमटवायचं तर रंगद्रव्याचीच शाई लागते, विरघळलेला रंग काळ्यावर दिसणारच नाही. ती ओली असताना उठावाची पूड भुरभुरून, जादा पूड झटकून, मागून गरम इस्त्रीची धग दिली तर पूड वितळून रेष फुगते आणि चकाकते. केस वाळवायच्या यंत्राने हे सहसा साधत नाही. त्याची धग कमी पडते आणि वारा पूडच उडवतो.

आणि एक रंग असा आहे जो विकत घ्यावा लागत नाही. आमच्या देवगावाच्या नावात रंगारी आहे, तेव्हा हे सांगायलाच हवं. हळद कोमट पाण्यात कालवून, गाळून, ते पाणी कागदावर फिरवावं आणि वाळू द्यावं. मग खायच्या चुन्याची निवळी किंवा धुण्याच्या सोड्याचं पाणी स्पंजच्या तुकड्यावर घेऊन ठशाला लावावं आणि पिवळ्या कागदावर दाबावं. ठसा टेकतो तिथे हळद तांबडी होते. हळदीतलं कर्क्युमिन अल्काच्या संगतीत रंग बदलतं. घरी कुंकू करतात ते याच गुणावर. पिवळ्या जमिनीवर तांबूस भोपळा डोळ्यांदेखत उमटताना पाहून मुलं हरखून जातात. वर लिंबाचा थेंब टाकला तर पुन्हा पिवळं, म्हणजे भोपळ्याला डोळेही लिंबाने काढता येतात. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही आणि तांबडाही काही काळाने मंदावतो, म्हणून असं कार्ड भिंतीवर लावायला करू नये. पाकिटातून काढून वाचायचं, परत पाकिटात ठेवायचं, त्यासाठी ते उत्तम.

कार्ड बांधताना घडीकडे लक्ष द्यावं. गिरणीच्या कागदात तंतू यंत्राच्या दिशेने निजलेले असतात, त्यामुळे तो एका दिशेने सहज दुमडतो आणि दुसऱ्या दिशेने तडकतो. छपरीवर हलवून काढलेल्या हातकागदाला अशी सक्तीची दिशा नसते. तरी जाड तावाला आधी रेष पाडून घ्यावी. रिकामं बॉलपेन पट्टीच्या कडेने दाबून ओढलं की काम होतं. हातकागदाची झालर झालेली कड जपावी. ती कापून गेली असेल तर ओल्या कुंचल्याने रेष ओढून, क्षणभर थांबून, दोन्ही हातांनी कागद सावकाश फाडावा. तशीच कड मिळते. ठसा उठवताना कागदाखाली जुनं मासिक ठेवावं. हातकागद कितीही घोटला तरी थोडा वरखाली असतोच, आणि खाली मऊ बूड असलं की रबर सगळीकडे पोहोचतं. मोठ्या ठशावर गादी उलटी धरून थापटावी, वरून सरळ दाब द्यावा, डोलवू नये.

घुबड भोपळ्याच्या मागे बसलेलं दाखवायचं असेल तर आधी पुढचा भोपळा उमटवावा. तोच भोपळा रद्दी कागदावर उमटवून, कातरून, पहिल्या छापेवर झाकण म्हणून ठेवावा. आता घुबडाचा ठसा अर्धा त्या झाकणावर दाबला की झाकण उचलल्यावर घुबड मागे गेलेलं दिसतं. पुढचं आधी, मागचं नंतर, हा क्रम पहिल्यांदा उलटा वाटतो, हाताला लगेच सवय होते. घुबड आपल्याकडे अशुभ मानतात खरं, पण लक्ष्मीचं वाहन म्हणूनही ते ओळखीचं आहे, त्यामुळे दिवाळी-हॅलोवीनच्या जोडकार्डावर त्याचा हक्क सगळ्यांत मोठा.

टपालाचा हिशेब आधीच करून ठेवावा. ए-४ कागदाचा अर्धा भाग मधोमध दुमडला की हाताएवढं कार्ड होतं. ३०० जीएसएमच्या जाड कागदाचं असं कार्ड सुमारे साडेनऊ ग्रॅम भरतं, २०० जीएसएमचं सव्वासहा. लिफाफा धरूनही पत्राच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात ते बसतं. वर बटणं, दोरे, कागदाचे जाड थर चिकटवले की तो टप्पा ओलांडला जातो आणि शिवाय तिकीट रद्द करणाऱ्या शिक्क्याखाली उंचवटे चेपतात. म्हणून दूर जाणाऱ्या कार्डावर सगळी करामत शाईतच करावी. पत्ता बॉलपेनने लिहावा, जांभळ्या शाईने नको. हळदीचं कार्ड असेल तर आत बटर पेपरचा एक तुकडा ठेवावा, म्हणजे पिवळा रंग लिफाफ्याला लागत नाही. आणि ३१ ऑक्टोबर गाठायचा असेल तर पाकीट गणपती उठले की लगोलग पेटीत पडलेलं बरं.